२५ वर्षांनी बॅच गोळा करताना

आमच्या वैद्यकीय बॅचचा रौप्यमहोत्सवी मेळावा भरवायचं ठरलं, कामं वाटली गेली आणि यादीचं काम मी मागून घेतलं. हॉल, निवास, कार्यक्रम यांसाठी उत्साही माणसं भरपूर होती. यादीला कोणी हात लावत नव्हतं, आणि माझ्या मते सगळा जीव तिथेच असतो. ज्याच्यापर्यंत निरोपच पोचला नाही, त्याच्यापुरता तो मेळावा झालेलाच नसतो.

सुरुवातीलाच एका साध्या प्रश्नावर अडलं. बॅच म्हणजे नेमकं कोण? वैद्यकीय शिक्षण लांबलचक असतं. कोणी एका विषयात राहतो आणि सहा महिने मागे पडतो. कोणाचं वर्ष आजारपणात जातं, कोणी घरच्या अडचणीमुळे थांबतं, कोणी अर्ध्यातून शिक्षणच सोडतं. पदवीच्या वर्षाप्रमाणे यादी केली की ही सगळी माणसं गळतात. पुढच्या बॅचबरोबर ती पास झालेली असतात, पण तिथे ती उशिरा आलेली असतात आणि इथे ती लवकर गेलेली. कोणत्याच मेळाव्याचं आमंत्रण त्यांना जात नाही. आम्ही ठरवलं की पहिल्या दिवशीच्या हजेरीपटावर ज्यांची नावं होती ते सगळे आमचे, आणि नंतर वरच्या बॅचमधून आमच्यात येऊन मिसळले तेही आमचे. पदवी मिळाली की नाही हे विचारायचंच नाही. या निर्णयावर थोडी चर्चा झाली, एकदोघांना तो पटला नाही. मी त्यावर अडून बसले आणि आजही तो मला आमचा सर्वांत चांगला निर्णय वाटतो.

शोधायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली. व्हॉट्सॲप गटावर ‘अमुक कुठे आहे, कोणाला माहीत आहे का?’ असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. सगळ्यांना विचारलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणी सांगेल. आमचा हजेरीपट आडनावांच्या क्रमाने होता आणि डिसेक्शनचं (शवविच्छेदनाचं) टेबल, प्रॅक्टिकलचा जोडीदार, वॉर्डातला गट हे सगळं त्या क्रमावरूनच ठरायचं. म्हणजे पाच वर्षं आपण कोणाच्या शेजारी उभे राहणार हे आडनावाच्या पहिल्या अक्षराने ठरवलेलं असायचं. म्हणून ज्याचा पत्ता लागत नव्हता, त्याच्या मागच्या-पुढच्या नंबरांना मी फोन केले. बॅचमधल्या बाकी कोणाशी संबंध न ठेवलेला माणूससुद्धा डिसेक्शनच्या जोडीदाराच्या संपर्कात असतो, निदान त्याच्या भावाचा नंबर तरी त्या जोडीदाराकडे असतो. फॉर्मॅलिनच्या वासात एकाच देहाभोवती वर्षभर उभं राहिलेल्यांचं नातं वेगळंच असतं.

मैत्रिणींना शोधणं जास्त कठीण गेलं. लग्नानंतर अनेकींची आडनावं बदलली, काहींनी नावाचं लेखनही परदेशी उच्चाराला सोयीचं करून घेतलं. बऱ्याच देशांत वैद्यक परिषदेची नोंदवही कोणालाही पाहता येते. तिथे पहिलं नाव, पदवीचं वर्ष आणि महाविद्यालय ताडून पाहत गेले. संशोधनात असलेल्यांसाठी पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीचा उपयोग झाला, कारण शोधनिबंधावर लेखकाची संस्था आणि पुष्कळदा ईमेलही असतो. हे काम रात्री, दवाखाना आटोपल्यावर चालायचं. एखादं नाव सापडलं की दिवसभराचा शीण जायचा.

सापडलेला नंबर परस्पर गटात टाकायचा नाही, हा नियम मी पहिल्यापासून पाळला. आधी एकटीला किंवा एकट्याला निरोप: मी अमुक, मेळावा ठरतोय, तुझा नंबर बाकीच्यांना दिला तर चालेल का? काहींनी नको म्हटलं. त्यांची नावं माझ्याकडे वेगळी राहिली आणि निरोप माझ्यामार्फत जात राहिले. डॉक्टरांनासुद्धा न सापडण्याचा हक्क असतो.

जे हयात नाहीत त्यांची नावं लिहिताना सगळ्यांत जास्त काळजी घेतली. ऐकीव माहितीवर एकही नाव त्या यादीत घ्यायचं नाही, प्रत्येक कुटुंबाशी कोणीतरी जवळच्याने बोलायचं आणि उल्लेख केलेला चालेल का हे विचारायचं. एका घरून सांगितलं गेलं की फोटो लावा, कारण सांगू नका. आम्ही सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. कोविडच्या काळात गेलेल्या मित्राच्या मुलीने मात्र स्वतःहून येऊन वडिलांबद्दल बोलायची इच्छा कळवली, आणि ती बोलली.

खरा कस लागला तो सापडूनही यायला तयार नसलेल्यांपाशी. रजा नाही, ड्यूटी आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, ही कारणं खरीच असतात. थोडं बोलत राहिलं की त्यांच्या मागचं दुसरं कारण बाहेर येतं: ‘अगं, मी तिथे येऊन सांगू काय?’ बॅचच्या गटात बढत्या, पुरस्कार, नव्या रुग्णालयांची उद्घाटनं येत राहतात आणि त्यावर अभिनंदनांचा पाऊस पडतो. त्यात गैर काही नाही. पण छोटा दवाखाना चालवणारा, पदव्युत्तर जागा न मिळालेला, घटस्फोटातून जाणारी, प्रॅक्टिस सोडून मुलाच्या आजारपणात अडकलेली, हे सगळे ते वाचून हळूहळू गप्प होतात. अशा प्रत्येकाशी मी स्वतः फोनवर बोलले. गटावरच्या आमंत्रणाने ही माणसं येत नाहीत.

त्यातल्या एकाने तिसऱ्या वर्षी शिक्षण सोडलं होतं. अभ्यासात तो आमच्यातल्या कित्येकांपेक्षा पुढे होता. नैराश्याने घेरला गेला तेव्हा आम्हा कोणाला ते ओळखता आलं नाही, आम्ही सगळे विशीत होतो. तो म्हणाला, “मी डॉक्टर झालोच नाही, मी तुमच्यात कसा?” मी त्याला त्याचा रोल नंबर सांगितला आणि म्हटलं, यादी हजेरीपटावरून केली आहे, त्यावर तुझं नाव आहे. तो मेळाव्याला आला नाही. पण त्याने डिसेक्शनच्या दिवसांतली त्याची चित्रवही स्कॅन करून पाठवली. त्यातल्या हाताच्या नसा पाहून आमच्या शरीररचनेच्या मॅडम कितीतरी वेळ बोलत होत्या. त्यांचं बोलणं मी त्याला रेकॉर्ड करून पाठवलं, आणि तेव्हापासून आमचं बोलणं सुरू आहे.

या फोनाफोनीतूनच कार्यक्रमाचे नियम ठरत गेले. नावाच्या बिल्ल्यावर पदव्या नाहीत, पद नाही. तेव्हाचं नाव मोठ्या अक्षरांत, शेजारी प्रवेशाच्या वेळचा फोटो. सगळ्यांना चाळिशी लागून बरीच वर्षं झालेली, त्यामुळे मोठी अक्षरं ही गरजच होती. यशोगाथांचा चित्रफीत-कार्यक्रम नाही. औषध कंपन्यांकडून पैसे नाहीत. यावर मतभेद झाले, कारण वर्गणीतून खर्च भागवणं अवघड होतं आणि प्रायोजक सहज मिळाले असते. पण ज्या दोन दिवसांत आपण व्यवसायातल्या चुकांबद्दल बोलायचं म्हणतो, त्या व्यासपीठामागे औषधाच्या नावाचा फलक नको, हे शेवटी सगळ्यांनी मान्य केलं. वर्गणी ऐपतीप्रमाणे ठेवली, आणि कोणी किती दिली हे फक्त खजिनदाराला माहीत.

तारीख वर्षभर आधी जाहीर केली. रुग्णालयातल्या ड्यूट्यांचं वेळापत्रक आणि रजा कशा मिळतात हे माहीत असलेल्याला त्याचं कारण सांगायला नको. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्यांना त्या दिवसांसाठी बदली डॉक्टर मिळवून देणं हेही आयोजनाचंच काम मानलं आणि त्यात खालच्या बॅचच्या मुलांनी फार मोलाची मदत केली.

निवृत्त शिक्षकांना आणायला आणि पोचवायला प्रत्येकी दोन जण नेमले. ऐकू कमी येतं म्हणून ध्वनिव्यवस्था आधी तपासली, पायऱ्या टाळल्या, बसायची जागा स्वच्छतागृहाजवळ ठेवली. आयोजनात या गोष्टी शेवटी आठवतात. त्या आधी ठरवाव्यात असं मी आग्रहाने सांगेन.

पहिल्या दिवशी ‘तेव्हा काय शिकलो, आता काय करतो’ असं सत्र ठेवलं होतं. नव्वदच्या दशकात आम्हाला शिकवलं गेलं की हृदय निकामी होत असेल तर बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी करणारी औषधं, द्यायची नाहीत, आणि तोंडी परीक्षेत तेच उत्तर देऊन आम्ही पास झालो. १९९९ मध्ये सिबिस-२ आणि मेरिट-एचएफ या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. त्याच औषधांनी अशा रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचं दिसलं. आमच्या मेडिसिनच्या सरांनी उभं राहून शांतपणे सांगितलं की मी तुम्हाला जे शिकवलं ते त्या वेळच्या पुराव्याप्रमाणे होतं, आणि तुम्हीही आज जे शिकवता त्यातलं काही उद्या बदलेल. मग यकृताच्या आजारांत काम करणारी मैत्रीण हिपॅटायटिस सी बद्दल बोलली. आमच्या काळात इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्महिने द्यावी लागत, त्रास प्रचंड होई आणि तरी कित्येकांचा आजार तसाच राही. आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. मागच्या रांगेत बसलेला, एकट्याने दवाखाना चालवणारा एक मित्र वही काढून लिहून घेत होता. मेळाव्यानंतर महिन्याभरात त्याने तिला आपल्या एका रुग्णाचे रिपोर्ट दाखवले, आणि त्या रुग्णाचे उपचार सुरू झाले.

मेळाव्यात माझ्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटवला तो दुसऱ्या सकाळच्या बैठकीने. विषय होता, ‘न विसरलेला रुग्ण’. फोन बाहेर, रेकॉर्डिंग नाही, रुग्णाची ओळख पटेल असं काही बोलायचं नाही, आणि कोणी बोलल्यावर सल्ला द्यायचा नाही. अल्बर्ट वू या अमेरिकी डॉक्टरांनी २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हातून चूक घडलेल्या डॉक्टरांना ‘दुसरा बळी’ म्हटलं होतं. पहिला बळी अर्थातच रुग्ण असतो, पण जिच्या किंवा ज्याच्या हातून चूक घडली तो डॉक्टरही ती एकट्याने वाहत राहतो. सुरुवात आमच्या सर्जरीच्या सरांनी केली. आम्ही ज्यांना कधी चुकताना पाहिलं नव्हतं त्यांनी, आम्ही विद्यार्थी असतानाच्याच काळातली, एका रात्रीची शस्त्रक्रिया सांगितली. त्यानंतर एकेक जण बोलत गेला. घरी जोडीदाराला, मुलांना हे सांगता येत नाही. रुग्णालयात सांगायची भीती वाटते. बॅचमध्ये कोणाला कोणाकडून काही मिळवायचं नसतं, आणि समोरच्याला त्या रात्रीचा वॉर्ड समजावून सांगावा लागत नाही. जेवणाची वेळ टळून गेली तरी कोणी उठलं नाही.

समारोपाला आम्ही जिनिव्हा घोषणा, म्हणजे डॉक्टरांची शपथ, एकत्र वाचली. जागतिक वैद्यक संघटनेने १९४८ मध्ये ती प्रथम स्वीकारली तेव्हा त्यात सहकारी आपले भाऊ असतील असं वचन होतं. २०१७ च्या सुधारणेत शिक्षक, सहकारी आणि विद्यार्थी या तिघांविषयी आदर आणि कृतज्ञता आली. त्याच वर्षी आणखी एक वाक्य त्यात जोडलं गेलं: उत्तम सेवा देता यावी म्हणून डॉक्टर स्वतःच्या आरोग्याकडेही लक्ष देईल. पदवी घेताना आमच्यातल्या कोणी हे वाक्य उच्चारलेलं नव्हतं. आदल्या तासाभरात जे ऐकलं होतं त्यानंतर ते म्हणताना कित्येकांचे आवाज भरून आले.

त्या वाक्यावरूनच पुढचं काम सुरू झालं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कॅरोलिन बेडेल थॉमस यांनी १९४८ ते १९६४ या वर्षांत पदवी घेणाऱ्या १,३३७ वैद्यकीय विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू केला होता. पदवीनंतरही दरवर्षी त्यांना प्रश्नावली जाई आणि दशकानुदशकं ते उत्तरं पाठवत राहिले. ऐन विशीतलं कोलेस्टेरॉल पुढच्या हृदयविकाराचा अंदाज देतं, हे त्यातून १९९३ मध्ये मांडता आलं. आमच्याकडे संशोधन नाही, पण दरवर्षी विचारत राहण्याची ती रीत मी उचलली. आता वर्षातून एकदा प्रत्येकाला चार प्रश्न जातात. कुठे आहेस, नंबर तोच का, तुझी स्वतःची तपासणी शेवटची कधी झाली, आणि कोणी फोन करावा असं वाटतं का? उत्तरं फक्त तीन जण वाचतात. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं की त्याच आठवड्यात रोल नंबरने जवळचं कोणीतरी फोन करतं. एका मैत्रिणीच्या छातीतली गाठ तिसऱ्या प्रश्नामुळे वेळेत तपासली गेली. इतरांना ठणकावून सांगणारी ती स्वतः वर्षानुवर्षं टाळत आली होती.

ज्यांना हे करून पाहायचं असेल त्यांनी यादीची जबाबदारी एकाच माणसाकडे कायम ठेवू नये. माझ्याकडची यादी, न सापडलेली नावं, ‘नंबर देऊ नका’ म्हणालेल्यांची वेगळी नोंद, हे सगळं मी आता दोन मित्रांकडे सोपवलं आहे. न सापडलेली काही नावं अजून बाकी आहेत, आणि त्यांच्या मागच्या-पुढच्या नंबरांना फोन लावणं चालू आहे.