पीसी स्पीकरमधून सा रे ग म

माझ्याकडच्या एका जुन्या मशिनवर रोज रात्री बॅकअप चालतो. त्याला ना मॉनिटर, ना साउंड कार्ड. बॅकअप नीट झाला की मध्येच फसला, हे शेजारच्या खोलीत बसून नुसत्या आवाजावरून कळावं, एवढंच मला हवं होतं. मशिन चालू करताना मदरबोर्डवरचा छोटा बझर, म्हणजेच पीसी स्पीकर, ‘टीं’ करायचा, म्हणजे आवाजाची सोय आत होतीच.

पहिला प्रयत्न सोपा होता. एसएसएचने, म्हणजे लॅपटॉपवरून नेटवर्कमार्गे, त्या मशिनमध्ये शिरून टर्मिनलची घंटा वाजवणारं अक्षर छापलं. घंटा वाजली, पण माझ्या लॅपटॉपवर! ते अक्षर ज्याच्या टर्मिनलवर पोचतं, तिथेच घंटा वाजते. मग ‘बीप’ ही कमांड टाकून पाहिली, तर ढिम्म शांतता. त्या लिनक्समध्ये ‘पीसीएसपीकेआर’ हे स्पीकर चालवणारं मॉड्यूल ब्लॅकलिस्टमध्ये होतं. उठसूट पीं पीं नको, म्हणून लिनक्सच्या बऱ्याच डिस्ट्रोंत (तयार संचांत) ते बंदच ठेवतात. ‘मॉडप्रोब’ने ते हाताने चढवलं आणि बझर वाजला.

मग ‘बीप’वरच का थांबलो नाही? मला सूर स्वतः ठरवायचे होते, आणि आत काय चालतं हेही बघायचं होतं. ते बघण्यासारखंच आहे. 1981च्या आयबीएम पीसीत इंटेलची 8253 ही टायमर चिप होती. तिला सेकंदाला सुमारे 11,93,182 ठोके मिळतात. आपण तिला एक भाजक द्यायचा. तेवढे ठोके मोजले की एक आवर्तन पूर्ण, आणि तसतसा स्पीकर चालू-बंद होत राहतो. 440 हर्ट्झचा सूर हवा असेल तर भाजक 2712. आजच्या मशिनमध्ये ती चिप सुटी दिसत नाही, पण तिचं काम चिपसेट त्याच हिशेबाने करतो. लाट चौकोनी, सूर एका वेळी एकच, आणि आवाज लहान-मोठा करायची सोय नाही.

लिनक्समध्ये हा भाजक आपल्याला काढावा लागत नाही. स्पीकर हे एक इनपुट डिव्हाइस म्हणून दिसतं, आणि त्याच्या फाइलमध्ये 24 बाइटचा एक इव्हेंट लिहायचा : वेळ, प्रकार 18, कोड 2 आणि हर्ट्झमधली वारंवारता. शून्य लिहिलं की गप्प. पायथनमध्ये दहा-बारा ओळींत स्क्रिप्ट झाली. रूटने, म्हणजे सर्वाधिकारी युजरने, चालवायची नव्हती, म्हणून त्या डिव्हाइसवर लिहायची परवानगी माझ्या युजरला दिली. 2018 मध्ये ‘बीप’मध्येच सुरक्षेची एक गंभीर चूक सापडली होती. सेटयूआयडी करून, म्हणजे कोणीही चालवली तरी रूटच्या अधिकाराने चालेल अशी ठेवलेल्या या कमांडमधून साध्या युजरला रूटचे अधिकार मिळवता येत होते. त्यामुळे एका टींसाठी रूट द्यायची माझी अजिबात तयारी नव्हती.

स्क्रिप्ट चालवली. आठ सूर, प्रत्येकी पाव सेकंद. दोन सेकंद काहीच नाही आणि शेवटी एक बारीक ‘टिक्’. अर्धा तास मी स्ट्रक्टची, म्हणजे त्या 24 बाइटची, मांडणी तपासत बसलो, आणि चूक तिथे नव्हतीच. पायथन सगळे इव्हेंट बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठवून ठेवत होता आणि फाइल बंद होताना एकदम ओतत होता. शेवटचा इव्हेंट शून्याचा, म्हणून शांतता. फाइल उघडताना बफरिंग शून्य केलं आणि सूर एकामागून एक नीट आले.

इथे फक्त पूर्णांक चालतात, म्हणून सुरांचे आकडे शोधताना मजा आली. सा 240 धरला तर रे 270, ग 300, म 320, प 360, ध 400, नी 450, वरचा सा 480. सगळे शुद्ध स्वर, आणि एकही अपूर्णांक नाही! पण 240 वर हा बझर कुजबुजतो. म्हणून सगळे आकडे चौपट केले. 960 चा सा भिंतीपलीकडेही स्पष्ट येतो.

सगळ्यात त्रास वेगळ्याच गोष्टीने दिला. चाचणी घेताना मी स्क्रिप्ट मध्येच मारली, आणि सूर थांबेचना. टायमर सांगितलेलं काम करतच राहतो. स्क्रिप्ट मेल्याचं त्याला कळत नाही. आता शून्य लिहिणारी ओळ ‘फायनली’मध्ये, म्हणजे पायथन बाहेर पडताना चालवतो त्या भागात, आहे. कंट्रोल-सीला ती पुरते, पण ‘किल’ केल्यावर पायथन ‘फायनली’पर्यंत पोचतच नाही, म्हणून त्या सिग्नलसाठी वेगळा हँडलर लावला. तोच सूर दोनदा हवा असेल तर मध्ये 30 मिलिसेकंद शून्य टाकतो, नाहीतर दोन्ही चिकटून एकच लांब सूर होतो.

बॅकअप झाला की सा ग प सा, फसला की खालच्या साचे तीन लांब ठोके. परवा रात्री ते तीन ठोके ऐकू आले. उठून पाहिलं तर डिस्क भरली होती. जुन्या प्रती काढून बॅकअप पुन्हा लावला आणि चाळीस मिनिटांनी पलीकडून सा ग प सा आलं.