उन्हाळ्यातला सर्व्हर
सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे घरच्या स्टोरेज सर्व्हरचे (म्हणजे घरातल्या फायली साठवणाऱ्या संगणकाचे) सुटे भाग निवडताना प्रोसेसरपेक्षा डिस्क आणि कॅबिनेटमधली खेळती हवा यांचाच विचार मी अधिक केला. एसएमआर प्रकारच्या स्वस्त डिस्कमध्ये माहिती लिहिण्याचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक ट्रॅक लिहिताना शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, म्हणून बिघडलेली डिस्क बदलून रेडची (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या रचनेची) पुनर्बांधणी करताना लेखन फार रेंगाळते. मी मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या, ४ टीबीच्या दोन सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या) डिस्क घेतल्या. मिररिंगमुळे, म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच माहिती ठेवल्यामुळे, वापरायला ४ टीबीच मिळतात, हे घरी पटवणे मात्र जड गेले! प्रोसेसर जुनाच आहे. यूपीएसमध्ये काटकसर केली नाही, कारण वळवाच्या पावसात वीज गेली की लेखन अर्धवट राहते. पुढचा १२० मिलिमीटरचा पंखा दर रविवारी पुसतो. जाळीवर बोटभर धूळ असते.