घरच्या शेडसाठी कार लिफ्ट निवडताना – माझा अनुभव

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी आमची फियाट जॅकवरून खाली आली. मी तेव्हा गाडीखाली नव्हतो, चौदाचा पाना आणायला घरात गेलो होतो, आणि पाना हातात घेऊन दारात येतोय तोवर धाडकन आवाज आला. मागचं डाव्या बाजूचं चाक काढलेलं होतं, त्यामुळे ब्रेक ड्रम थेट फरशीवर आदळला. बाटली जॅक ज्या शहाबादी फरशीवर उभा केला होता ती फरशी मधोमध तडकली आणि जॅक तिरका होऊन निसटला. खाली आधाराला दोन विटा ठेवल्या होत्या त्यांचा भुगा झालेला. दोन मिनिटांपूर्वी माझं डोकं तिथंच होतं. आई ओसरीवरच बसली होती, ती काही बोलली नाही, उठून आली, त्या विटांकडे बघितलं आणि आत गेली. त्या दिवसापासून मी विटांवर गाडी ठेवून खाली शिरलेलो नाही, आणि हे वाचणाऱ्या कोणी तसं करत असेल तर आजच बंद करा. वीट भार घेते घेते आणि एका क्षणात फुटते, आधी काही सांगत नाही.

फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, बाबांनी १९८८ ला घेतलेली, स्टिअरिंगजवळचा गिअर, १०८९ सीसीचं इंजिन. कोल्हापुरात जुनी माणसं अजून तिला फियाटच म्हणतात. बाबा गेल्यावर ती विकायचा विषय निघाला होता पण मी म्हटलं मी सांभाळतो, आणि तेव्हापासून जमेल तेवढं काम घरीच करतो, जे जमत नाही ते आमचे मेकॅनिक मामा करतात. शिवाय घरात वॅगनआर आहे, रोजच्या वापराची. म्हणजे विटा-जॅकऐवजी गाडी उचलायला जी लिफ्ट घेणार ती या दोन्ही गाड्यांना चालायला हवी होती.

आमचं शेड घराच्या बाजूला आहे, पत्र्याचं, आतून ११ फूट रुंद आणि १८ फूट लांब, पत्रा एका बाजूला उतरता, वरची बाजू १२ फूट आणि खालची साडेनऊ. हे आकडे मुद्दाम आधी सांगतोय कारण पुढचं सगळं याच्यावरच ठरलं. मी मात्र सुरुवात उलटी केली, आधी लिफ्ट बघायला गेलो आणि शेड नंतर मोजलं, त्यात दीड महिना गेला.

सगळ्यात पहिला सल्ला सगळ्यांनी दिला तो लिफ्टऐवजी खड्ड्याचा, म्हणजे गाडी वर उभी करून आपण खाली उतरायचं. चार फूट खोल, तीन फूट रुंद खड्डा खणायचा, वीटबांधकाम करायचं, वर फळ्या टाकायच्या, झालं, मोटर नको की वीज नको. स्वस्तात स्वस्त खरंच हेच आहे आणि जिथं मुरमाड जमीन आहे तिथं चालत असेलही, पण आमच्याकडे काळी माती आणि पावसाळ्यात पाणी वर येतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण दोन गल्ल्या सोडून एक गॅरेज आहे तिथला खड्डा खालून पाझरून काठोकाठ भरला होता, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात उतरून तळाशी साचून राहते. जुन्या गाडीत कार्बोरेटर कधी पाझरेल, पेट्रोलचा रबरी पाइप कधी चिरेल सांगता येत नाही, आणि खाली आपण दिवा घेऊन बसलेलो. खड्डा बाद.

मग टू पोस्ट लिफ्ट. शिवाजी उद्यमनगरात आणि हायवेकडच्या गॅरेजांमध्ये सगळीकडे हीच दिसते, दोन खांब, चार हात, गाडी बॉडीवर उचलते, चारही चाकं मोकळी आणि पोटाखालची सगळी जागा मोकळी. मामांकडेही हीच आहे. मला मनापासून हीच हवी होती. पण हिशोब केला तर ही लिफ्ट साधारण १.८ मीटर उचलते, फियाटची उंची १.४७ मीटर, बेरीज ३.२७, म्हणजे पावणेअकरा फूट. वॅगनआर १.६७ मीटर, ती साडेअकरा फुटांच्या जवळ जाते. आमचा पत्रा खालच्या बाजूला साडेनऊ. आता कुणी म्हणेल पूर्ण उचलू नको, मधल्याच लॉकवर थांबव, ते बरोबर आहे, तसं करता येतं. पण रुंदी? खांबांसकट बाहेरून बाहेर जवळपास ११ फूट, आणि शेड आतून ११ फूट. खांब भिंतीला चिकटून उभे राहिले असते आणि मागं जायला वाटच उरली नसती.

तरीही मन ऐकत नव्हतं. तेवढ्यात एक बंद पडलेल्या गॅरेजमधली जुनी टू पोस्ट विकायला निघाली, ६५ हजार सांगत होते, मी मामांना घेऊन बघायला गेलो. बाहेरून रंग मारून चकाचक केलेली. मामा सरळ खांबामागे गेले, पत्र्याचं झाकण काढायला लावलं आणि बॅटरी मारून लॉकची पट्टी दाखवली. ज्या दात्यांवर खटका अडकतो त्यांच्या कडा गोल झालेल्या होत्या, अंगठा फिरवला तर गुळगुळीत लागत होतं. मग कपड्याचा बोळा घेऊन त्यांनी वायर रोपवरून हळूहळू ओढला, तो दोन ठिकाणी अडकला, म्हणजे तिथल्या तारा तुटून बाहेर आलेल्या. मामा म्हणाले, "तेल गळलं तर सील बदलशील बाळा, हे दातं कुठनं आणणार?" विषय संपला. जुनी लिफ्ट बघायला जाणाऱ्यांना माझं हेच सांगणं, रंग आणि मोटर नंतर बघा, आधी लॉक आणि दोर बघा. गाडी वर टेकून राहते ती लॉकवर, तेलाच्या दाबावर नाही, आणि नवी लिफ्ट असली तरी उचलल्यावर पुन्हा थोडी खाली सोडून लॉकवर बसवायची आणि मगच गाडीखाली जायचं.

फोर पोस्टचा विचार केला आणि लगेच सोडला. त्यात गाडी चाकांवरच उभी राहते, चाक काढायचं तर वरती आणखी एक जॅक लागतो, शिवाय लांबी जास्त. एकावर एक दोन गाड्या लावायच्या असतील तर ती चांगली, मला ते नको होतं.

राहिली सिझर लिफ्ट, कात्रीसारखी उघडणारी. त्यातली छोटी, सुमारे एक मीटर उचलणारी. एक मीटर अधिक फियाट म्हणजे आठ फूट, वॅगनआर पकडली तरी पावणेनऊ, पत्र्याला लागत नाही. रुंदीचा प्रश्नच नाही कारण ती गाडीच्या खालीच मावते. पण तिची एक मोठी अडचण आहे आणि विकणारे ती आपणहून सांगत नाहीत, दोन कात्र्यांना जोडणारा सांगाडा गाडीच्या पोटाखाली मधोमध येतो, त्यामुळे गिअरबॉक्स उतरवायला जागा राहत नाही. फियाट मागच्या चाकांवर चालणारी, गिअरबॉक्स मधे, शाफ्ट मागंपर्यंत. मग ही घेऊन उपयोग काय असं मला वाटायला लागलं आणि पंधरा दिवस मी नुसता घोळ घालत बसलो, आज टू पोस्ट उद्या सिझर.

तो घोळ सुटला वहीमुळे. बाबांची सवय होती, गाडीचं काहीही काम केलं की तारीख आणि किलोमीटर टाकून वहीत लिहायचं, तीच मी चालू ठेवलीय. एका रात्री जेवण झाल्यावर ती वही घेऊन बसलो आणि मागच्या दोन वर्षांत गाडीखाली जाऊन केलेली कामं मोजली. एकूण ३४ निघाली. त्यातली १३ ब्रेक आणि चाकांची, म्हणजे लायनर, व्हील सिलेंडर, बेअरिंग. ९ ऑइल आणि ग्रीसिंगची, फियाटला ग्रीसचे निपल बरेच आहेत आणि ते वेळेवर करावंच लागतं. ४ सायलेन्सर आणि त्याच्या रबरांची, ४ पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि शॉकॲब्झॉर्बरची, २ सडलेल्या पत्र्याला पॅच मारायची. आणि गिअरबॉक्स-क्लचची फक्त २, तीही मामांनी त्यांच्याकडे केलेली. म्हणजे ज्या कामासाठी मी टू पोस्टवर अडून बसलो होतो ते काम मी कधी घरी केलंच नव्हतं! बायको म्हणाली, "मग एवढे दिवस काय बघत होतास?" मी वही तिच्यापुढे सरकवली, तिनं बेरीज तपासली आणि म्हणाली घे ती कात्रीवाली.

आता सिझर घ्यायची ठरली तरी कुठलीही घेऊन चालत नाही. पहिला प्रश्न बंद उंचीचा. बहुतेक लिफ्ट पूर्ण खाली बसलेल्या असताना ११० मिलिमीटरच्या आसपास असतात, म्हणजे सव्वाचार इंचापेक्षा थोड्या जास्त, आणि जुनी गाडी पाटे बसल्यामुळे खाली आलेली असते. मी साडेचार इंचाचा एक लाकडी ठोकळा करवतीनं कापून घेतला आणि पुतण्याला बोलावून तो फियाटखालून काठीनं पुढून मागं सरकवला. पुढून मस्त गेला, मध्ये मात्र सायलेन्सरच्या पट्टीला अडकला. काठीनं ढकललं तर पट्टीच हलली. मग उपाय म्हणून साल लाकडाच्या दीड इंच जाडीच्या दोन फळ्या करून घेतल्या, त्यावर चाकं चढवूनच गाडी लिफ्टवर न्यायची. कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स बघून विश्वास ठेवू नका, ठोकळा सरकवून बघा.

दुसरा प्रश्न लॉक सोडायचा. बऱ्याच सिझर लिफ्टना लॉक उघडायला कॉम्प्रेसरची हवा लागते, हे मला कोटेशन आल्यावर फोनवर विचारल्यावर कळलं. माझ्याकडे कॉम्प्रेसर नाही. हातानं ओढायच्या लिव्हरची मिळते, तीच मागितली. तिसरा प्रश्न विजेचा, या लिफ्टची मोटर २.२ किलोवॅट म्हणजे तीन एचपी असते आणि गॅरेजवाले थ्री फेजवर चालवतात. घरी सिंगल फेज. सिंगल फेजची मोटर मिळते पण ऑर्डर देतानाच स्पष्ट लिहून द्या. वायरमननं मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढली आणि २५ ॲम्पियरचा सी कर्व्हचा, म्हणजे क्षणभराचा जास्त करंट सोसणारा, एमसीबी टाकला, कारण मोटर सुरू होताना क्षणभर करंट कितीतरी पट ओढते आणि साधा एमसीबी पडतो.

आणि जमीन. माझं म्हणाल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच. जॅक निसटला तो फरशीमुळे, हे मी विसरलो नव्हतो. फरशी उचलली तर खाली तीन इंच कोबा आणि मग मुरूम. लिफ्टचं वजन साडेचारशे किलो, फियाट नऊशेच्या आसपास, हे सगळं चार-सहा टेकूंवर येणार. गवंडी आले, पाण्याची नळी लावून लेव्हल बघितली तर १२ फुटांत अडीच इंच उतार, पावसाचं पाणी बाहेर जायला बाबांनीच ठेवलेला. लिफ्टला सपाट जमीन पाहिजे. मग १० बाय १२ फुटांचा तुकडा फोडून सहा इंच काँक्रीट केलं, आत ८ एमएमची सळई, १४ पोती सिमेंट गेलं. उताराचं पाणी जायला कडेनं एक छोटी नाली काढली. गवंडी म्हणत होते आठ दिवसांनी गाडी लावा काही होत नाही, मी २८ दिवस थांबलो, रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी गोणपाटावर पाणी मारायचो, आणि संध्याकाळी आई मारायची.

खर्चाचं सांगतो, मला आलेल्या कोटेशनमध्ये सिझर दीड लाखाच्या आसपास होती, १८ टक्के जीएसटी वेगळा, वर वाहतूक. काँक्रीट, वायरिंग, फळ्या धरून आणखी ३२ हजार गेले. कमी नाहीत पैसे. वर्षभर बाजूला काढून ठेवले तेव्हा जमलं.

लिफ्ट आली, मामा आले, तेल भरलं, रिकामीच दहा-बारा वेळा वरखाली केली. मग फियाट चढवली. रबरी पॅड दरवाजाखालच्या पट्टीला टेकले, चार इंच उचललं आणि उजव्या बाजूनं कर्रर्र असा बारीक आवाज आला. लगेच बटण सोडलं, खाली घेतली. बघितलं तर पट्टीच्या आतला पत्रा सडलेला, वरून रंग एकदम छान आणि आत पापडासारखा झालेला, पॅडचा गोल ठसा उमटला होता. म्हणजे आधी तिथं नवा पत्रा मारायला हवा होता. आणि तो लिफ्टवर मारता येत नाही कारण तीच जागा पॅडखाली जाते, म्हणून गाडी लोखंडी घोड्यांवर, या वेळी नव्या काँक्रीटवर, उभी करून दोन्ही बाजूच्या पट्ट्या कापून वेल्डिंग करून घेतल्या. तीन आठवडे त्यात गेले. तुमची गाडी पंचवीस-तीस वर्षांची असेल तर लिफ्टची ऑर्डर द्यायच्या आधी उचलायच्या जागा स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा.

त्यानंतर गाडी वर गेली ती नीट गेली. ब्रेक ड्रम बरोबर कमरेच्या उंचीवर येतो, उभं राहून काम होतं, ग्रीसिंगला छोटं स्टूल घेऊन खाली बसायचं. आजवर ११ कामं झाली, ती वहीत आहेत. पहिल्या दिवशी लॉकचा खट् आवाज झाला तेव्हा आई बाहेर येऊन उभी राहिली, मी लॉक कुठं बसतो ते तिला वाकून दाखवलं, तिनं दोनदा विचारलं की आता हे निसटणार नाही ना, मी तिलाच गाडी हलते का बघायला लावलं.

दिवाळीनंतर क्लच प्लेट टाकायची आहे. त्याला गाडी मामांच्या टू पोस्टवरच जाणार, त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.