मोजणीत वाढलेली खोकडं

आधी नावाचा घोळ निस्तरतो. गोष्टींच्या पुस्तकांनी 'फॉक्स'चा सरसकट कोल्हा करून टाकलाय, पण आपला कोल्हा म्हणजे जॅकल. मी ज्याच्या मागे होतो ते खोकड, त्यातही तांबडं खोकड. मागे होतो म्हणजे त्याच्या विष्ठेच्या मागे. जिवंत खोकड त्या सगळ्या काळात मोजून चारदा दिसलं.

काम सांगायला सोपं होतं. विष्ठेतल्या डीएनएवरून एका टापूत किती खोकडं आहेत आणि कोण कुणाचं नात्यातलं, हे काढायचं. त्यासाठी मार्कर हवेत, म्हणजे डीएनएतल्या ओळखीच्या खुणा; आमच्या खुणा मायक्रोसॅटेलाइटच्या. मायक्रोसॅटेलाइट म्हणजे डीएनएतल्या अशा जागा, जिथे दोन-चार अक्षरांचा तुकडा जपमाळेच्या मण्यांसारखा एकामागून एक येतो. मणी किती, ते जनावरागणिक बदलतं. अशा दहा-बारा जागा एकत्र पाहिल्या की प्रत्येकाची ओळख पटायला हवी.

सुरुवातीला आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. कुत्र्याचा जीनोम २००५ सालीच प्रसिद्ध झालेला, त्याचे मार्कर ढिगाने उपलब्ध, आणि कुत्रा-खोकड एकाच कुळातले. मेलेल्या खोकडांच्या स्नायूंतून काढलेल्या स्वच्छ डीएनएवर यातले बरेच मार्कर चालले आणि मी खूश झालो. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. कुत्र्यात जिथे मण्यांची माळ लांब, तेवढ्याच जागा पूर्वी कुणीतरी निवडलेल्या. खोकडात त्याच जागी माळ आखूड निघायची, विविधता कमी. शिवाय वाटेवर पडलेली विष्ठा भटक्या कुत्र्याची असली तर हे प्रायमर, म्हणजे ती जागा पकडणारे डीएनएचे आखूड तुकडे, तिच्यावर आणखीच झकास चालायचे. माझी एक अख्खी पिशवी अशी कुत्र्यांची निघाली. तेव्हापासून आधी मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून प्रजाती पक्की करायची, मगच पुढचं काही, असा शिरस्ता ठेवला.

२०१८ साली खोकडाचा स्वतःचा जीनोम प्रसिद्ध झाला आणि काम सुधारलं. त्यातून चार-चार अक्षरांची पुनरावृत्ती असलेल्या जागा शोधल्या. दोन अक्षरी माळेत पीसीआरच्या वेळी, म्हणजे त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढताना, एन्झाइम घसरतं, यंत्राच्या आलेखात खऱ्या शिखराशेजारी खोट्या शिखरांची रांग लागते आणि नेमकं कुठलं मोजायचं ते कळत नाही. चार अक्षरांत हा त्रास फार कमी. तुकडा दोनशे अक्षरांच्या आत बसेल असे प्रायमर आखले, कारण उन्हापावसात पडलेल्या विष्ठेत लांब तुकडे शिल्लकच नसतात. एका मार्करने स्नायूच्या नमुन्यातही तीन शिखरं दाखवली. एका जनावरात फार तर दोनच हवीत, एक आईकडचं, एक बापाकडचं. आठवडाभर मी मिसळ झाली म्हणून नळ्या, टिपा, पाणी सगळं बदलत बसलो. नंतर लक्षात आलं, तांबड्या खोकडात नेहमीच्या ३४ गुणसूत्रांखेरीज काही लहानसहान जादा गुणसूत्रंही असतात आणि त्यांवर काही जनुकांच्या जादा प्रती असू शकतात. कारण तेच होतं की दुसरं काही, ते खणत बसलो नाही. मार्कर यादीतून काढला.

पण खरी अडचण शिखर जास्त येण्याची नव्हती, न येण्याची होती. विष्ठेच्या पृष्ठभागावर खोकडाच्या आतड्याच्या थोड्याशाच पेशी असतात, म्हणून खरवडायचं ते वरूनच. आत उंदराचे केस आणि बोरांच्या बिया. डीएनए इतका तुटपुंजा की कधी आईकडून आलेली प्रत वाढते आणि बापाकडची राहून जाते. यंत्र एकच शिखर दाखवतं आणि आपण लिहितो, दोन्ही प्रती सारख्या. म्हणजे तेच खोकड एका नमुन्यात एक, दुसऱ्यात वेगळं. माझ्या पहिल्या मोजणीत आकडा घसघशीत आला. मॅडमनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "यातली किती खोकडं फक्त एकाच जागी वेगळी आहेत?"

मोजली. लाज वाटण्याइतकी.

मग प्रत्येक नमुना पुन्हा. दोन वेगळ्या प्रती दिसल्या तर त्या दोन्ही किमान दोन स्वतंत्र पीसीआरमध्ये दिसायला हव्यात. एकच दिसली तर आणखी फेऱ्या. १९९६ पासून ही पद्धत रूढ आहे, आणि तिथे एकाच प्रतीची खात्री होईपर्यंत सात-सात फेऱ्या सुचवल्यात. नमुन्याचा थेंब संपत जातो आणि जीव वरखाली होतो. जे नमुने सतत दगा द्यायचे ते फेकले. भर पावसानंतर उचललेले जवळपास सगळेच गेले. मोजणी खाली आली आणि एकेका फेरीनंतर तक्त्यातली 'नवी' खोकडं जुन्यांत विरघळत गेली.

शेवटी बारा मार्कर आणि नर-मादी ओळखणारा एक, असा संच ठरला. सख्खी भावंडंही एकसारखी दिसण्याची शक्यता शंभरात एकाच्या खाली यायला हवी, ही आमची अट होती. खोकडाचं कुटुंब बिळाभोवतीच असतं, त्यामुळे एकमेकांच्या नात्यात नसलेल्या जनावरांचं गणित इथे फसवं ठरतं. एकाच वाटेवरचे दोन नमुने मात्र सगळ्या फेऱ्यांनंतरही एका जागी वेगळेच राहिले. दोन्हीकडे दोन-दोन स्पष्ट शिखरं. ती दोन खोकडं म्हणून मोजली, आणि रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे पेन्सिलने 'भावंडं?' असं लिहून ठेवलंय.