पोचपावत्या

स्वारगेटला रात्री अकरानंतर गाडीची वाट बघणारा कोण आणि झोपायला आलेला कोण, हे ओळखायला मला दोन वर्षं लागली. प्रवासी पिशवी मांडीवर घेतो आणि दर गाडीला मान वर करतो. ज्याला कुठेच जायचं नाही तो चपला पिशवीत घालून पिशवी उशाला घेतो, कारण आधी चपलाच चोरीला जातात. विचारलं तर दोघंही एकच सांगतात, "गाडीची वाट बघतोय."

तिथल्या एका काकांनी तीन रात्री सांगितलं, "रत्नागिरीची आहे, पहाटेची." तिसऱ्या रात्री मी घराचं काही न काढता जेवलात का एवढंच विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "बाकीच्यांचं झालं का?" मग आले आमच्या बेघरांच्या निवाऱ्यात.

वय ७१. सदाशिव पेठेतल्या एका खानावळीत ४१ वर्षं आचारी. झोपायला भटारखान्यावरचा माळा, तो पगारातच धरलेला. गेल्या वर्षी इमारत पुनर्विकासाला गेली. मालकाला जागा मिळणार, वरच्या भाडेकरूंनाही मिळणार. माळ्यावर झोपणाऱ्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

आमच्या नोंदवहीत 'बेघर होण्याचे कारण' असा रकाना आहे. माझा सहकारी तिथे न विचारताच 'मुलांनी सोडले' लिहितो. मनाने चांगला आहे, पण हे मला अजिबात पटत नाही. वाढदिवसाला ब्लँकेटं वाटायला येणारेसुद्धा मोबाइल चालू करून पहिलं हेच विचारतात, "आजोबा, मुलं किती?" काकांनी लग्नच केलेलं नाही. वॉचमन, वाढपी, आचारी, लोकांच्या घरी राहून त्यांचे आजारी सांभाळणाऱ्या बायका अशी माणसं येताहेत. कामाची जागा हेच त्यांचं घर होतं. हातपाय थकले की दोन्ही एकाच दिवशी जातं.

श्रावणबाळ या राज्य सरकारच्या वृद्धांसाठीच्या योजनेत महिना १५०० रुपये मिळतात. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत, राज्यात १५ वर्षं रहिवास. काकांचं आधार गावचं, रेशनकार्डावर नाव भावाच्या कुटुंबात. गाव म्हणतं, इथे राहत नाहीत. खरंच आहे ते. पुण्यातली कचेरी म्हणते, पत्ता गावचा. निवाऱ्याच्या दाखल्यावर मी आधारचा पत्ता बदलून घेतला. बोटांचे ठसे उमटेनात, तव्यावरच्या पोळ्या उलटून उलटून रेषाच गेलेल्या. शेवटी डोळ्यांच्या स्कॅनवर काम झालं. तर कारकून म्हणाला, "हा पत्ता गेल्या महिन्यातला. आधीची १५ वर्षं कुठे होते?" खानावळीच्या मालकाच्या मुलांनी दोन ओळी लिहून द्यायला नकार दिला. लिहून दिलं तर उद्या ग्रॅच्युइटी मागतील ही भीती.

तेव्हा काकांनी पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. मनीऑर्डरच्या पोचा, तीनशेच्या वर.

मनीऑर्डरच्या फॉर्मचा खालचा तुकडा पैसे घेणाऱ्याची सही होऊन पाठवणाऱ्याकडे परत येई. म्हणून पाठवणाऱ्याने त्यावर आपला पत्ता लिहायचा. १९८३ ते २०११, महिन्यामागून महिना, एकाच हातचं अक्षर: खानावळीचा पत्ता, सदाशिव पेठ, पुणे ३०. वर पोस्टाचा शिक्का. इतका भक्कम पुरावा मी आजवर पाहिला नव्हता. दोन रात्री बसून वर्षवार लावल्या, पुसट शिक्के ट्यूबलाइटखाली धरून वाचले. १९९६ पर्यंत घेणाऱ्याच्या जागी आईचा अंगठा आहे. पुढे भावाची सही.

त्या पैशांतून गावी चिऱ्याचं घर उभं राहिलं. भावाच्या नावावर. भाऊ गेला, आता पुतण्या आहे. मी त्याला फोन केला तो स्पीकरवर, काका समोर बसलेले असताना. का केला तसा, हे मला अजून टोचतं. तो वेडंवाकडं काही बोलला नाही. "काका गणपतीला येतात, आम्ही सगळं करतो त्यांचं. पण कायमचं म्हणजे... घरात विचारायला लागेल." काका मान डोलवत होते, पुतण्याचं बरोबरच आहे अशी.

२००७ च्या ज्येष्ठांच्या कायद्यात मूलबाळ नसलेल्यालाही नातेवाइकाकडे निर्वाह मागता येतो, प्रांताधिकाऱ्यांपुढे, वकिलाशिवाय. पण त्या नातेवाइकाकडे त्याची मालमत्ता असावी लागते, किंवा पुढे मिळणार असावी लागते. काकांच्या नावावर त्या घराची पायरीसुद्धा नाही.

त्या रात्री मी पोचांवरच्या रकमा मोबाइलवर मिळवत बसले. ७५, १५०, पुढे ५००, ८००. पुतण्याला आकडा ऐकवायचा होता. काका शेजारी उद्याची डाळ निवडत होते. "ताई, बेरीज नका करू," म्हणाले. एवढंच.

अर्ज दिलाय. २०११ नंतर ते पैसे गणपतीला हातात नेऊन देत, त्याचा कागद नाही. कारकून तो मागेल असं मला वाटतं. सोमवारी मूळ पोचा दाखवायला न्यायच्यात. काल गठ्ठे बांधताना काकांनी अंगठ्यांचा गठ्ठा बाजूला काढला आणि विचारलं, "नुसत्या सह्यांच्या चालतील का?"

१९९७ ते २०११. मी बोटांवर मोजलं. पंधरा होतात. अंगठ्यांचा गठ्ठा त्यांनी परत डब्यात ठेवला.