केझरच्या ट्रॅकवर ऐकलेला १९५१चा सीझन

सकाळी चालायला मी केझर स्टेडियमच्या ट्रॅकवर जातो. सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन गेट पार्कच्या टोकाला आहे. धुकं इतकं असतं की पलीकडची माणसं नुसती सावल्यांसारखी हलताना दिसतात. आमच्या गल्लीतले एक आजोबा तिथे भेटतात, पंच्याऐंशीच्या घरातले. गेल्या मंगळवारी मी सहज विचारलं, या मैदानाला बॉब सेंट क्लेअरचं नाव का दिलंय? आजोबा थांबले, काठी रोवली, आणि त्या दिवशीचं चालणं तिथेच संपलं.

१९५१ साल. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को हे इथलं जेझुइटांचं छोटं कॉलेज. त्यांची फुटबॉल टीम म्हणजे डॉन्स. (फुटबॉल म्हणजे इथलं, चेंडू छातीशी धरून पळायचं.) त्या सीझनला ते नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. सेंट क्लेअर त्याच टीममधला. घरचे सामने इथेच, केझरवर. आजोबा तेव्हा शाळकरी पोर, वडिलांचा हात धरून यायचे. ऑली मॅटसन चेंडू घेऊन सुटला की सगळं स्टेडियम एकदम उभं राहायचं आणि यांना पुढच्यांच्या पाठीच तेवढ्या दिसायच्या. हे सांगताना त्यांनी हात उंच करून त्या पाठी दाखवल्या. मॅटसनने त्या सीझनला १,५६६ यार्ड पळून काढले, देशात सर्वांत जास्त.

असा सीझन झाला की नव्या वर्षाच्या सुमाराला होणाऱ्या मोठ्या 'बोल' सामन्याचं बोलावणं यायचं. मान असायचा आणि पैसाही. कॉलेजला पैशाची फार गरज होती, फुटबॉलचा खर्च झेपत नव्हता. पण टीममध्ये दोन काळे खेळाडू होते, ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. त्या टीममधले लोक पुढे आयुष्यभर सांगत आले ते असं: मायामीच्या ऑरेंज बोलला येता येईल, पण त्या दोघांना घरी ठेवून. कोच जो कुहारिचने हे पोरांपुढे ठेवलं. टीमने नकार दिला. चर्चा नाही, मतदान नाही. जीनो मार्केटीसारखा विशीच्या आत दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला गडी त्या टीममध्ये होता. त्याला मायामीचं काय अप्रूप!

१ जानेवारी १९५२ला ऑरेंज बोलमध्ये जॉर्जिया टेक आणि बेलर खेळले. डॉन्स घरी बसले. त्या सीझननंतर कॉलेजने फुटबॉलच बंद केलं. अख्खी टीम विखुरली. मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर तिघेही पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. टोलरचा गुडघा गेला आणि त्याचं खेळणं संपलं. पण १९६५ला तो एनएफएलचा, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, पहिला काळा पंच झाला आणि इथल्याच एका शाळेचा मुख्याध्यापकही. कॉलेजने या टीमला मानद डॉक्टरेट दिली ती २००६ साली, पंचावन्न वर्षांनी.

एवढं सांगून आजोबांनी मला विचारलं, "तुमच्याकडेही जात असते ना?"

मला ते लागलं. मी लगेच खाशाबा जाधव काढले. आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे. हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ला खाशाबांनी कुस्तीत ब्राँझ आणलं. तुमचं कॉलेज टीम बंद करतं, आमचा प्राचार्य घर गहाण टाकतो, असंही मी बोलून गेलो. आजोबा मान हलवत म्हणाले, "हेलसिंकी? ऑलीही तिथेच होता. चारशे मीटरमध्ये ब्राँझ, रिलेत रौप्य." मला हे माहीतच नव्हतं. कराडचा पैलवान आणि सॅन फ्रान्सिस्कोचा धावपटू एकाच ऑलिंपिकला, एकाच उन्हाळ्यात! मला भरून आलं.

घरी येताना मात्र दुसरंच डोक्यात फिरू लागलं.

आमच्या कॉलेजची कबड्डीची टीम एकदा एका गावात स्पर्धेला गेली होती. गावाचं नाव नको. रात्री एका वाड्यात जेवण होतं. आत पितळी ताटं मांडलेली, आणि आमच्या सगळ्यात चांगल्या चढाईपटूसाठी बाहेर पडवीत पत्रावळ. कोणी काही बोललं नाही. तो मुकाट्याने बाहेर बसला, आम्ही आत. दिवसभर सामने झाले होते, भूक लागली होती, परकं गाव होतं, आम्ही एकोणीस-वीस वर्षांची पोरं होतो. आणि सर बरोबर असताना आम्ही काय बोलणार? पण कोच तर डॉन्सच्या पोरांनाही होता, आणि वयानेही ती पोरं फार मोठी नव्हती.

रविवारी त्याला फोन लावला. तीस वर्षांत आम्ही हजारदा बोललोय, हा विषय कधी निघाला नव्हता. या वेळी मी काढला. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"आठवतंय की," तो म्हणाला. "दारातून आतलं सगळं दिसत होतं. तू दोनदा भात मागून घेतलास."