डबल बासचा एफ आणि तुमची खोली

जॅझ त्रयीचं एखादं रेकॉर्डिंग लावा: पियानो, डबल बास, ड्रम्स. पियानो सोडून द्या आणि फक्त बासकडे कान ठेवा. वादक एकेक पायरी उतरत खाली येतो तेव्हा सगळे सूर साधारण एकाच वजनाचे ऐकू यायला हवेत. बहुतेक घरांत तसं होत नाही. एखादा सूर मध्येच फुगतो, शेजारचा गायब होतो, आणि बोल ॲम्पला (आवाज वाढवून स्पीकरला देणाऱ्या ॲम्प्लिफायरला) बसतो. खरा गुन्हेगार बहुधा खोली असते.

हिशेब सोपा आहे. खोली आपोआप कोणत्या सुरावर घुमते हे काढायला १७२ ला (आवाजाच्या सेकंदाला मीटरमधल्या वेगाचा निम्मा) खोलीच्या मीटरमधल्या लांबीने भागायचं. ४ मीटरच्या खोलीत उत्तर येतं ४३ हर्ट्झ (सेकंदाला ४३ कंपनं); हे खोलीचं पहिलं कंपन, दुसरं त्याच्या दुप्पट. डबल बासची सर्वांत जाड तार पाश्चात्त्य ई सुरात लावलेली असते, म्हणजे ४१.२ हर्ट्झ, तिच्यावरचाच पुढचा सूर एफ ४३.७ चा. बासवाल्याने तो एफ छेडला की ही खोलीही त्याच्याबरोबर घुमायला लागते. वरच्या सप्तकातला एफ ८७ हर्ट्झचा, आणि खोलीचं दुसरं कंपन ८६ वर, त्यामुळे तोही सापडतो. लहान स्पीकर ४३ पर्यंत नीट उतरतच नाहीत. त्यांच्याकडे हा दुसरा एफच जास्त त्रास देतो. रुंदीचं गणित तसंच: ३ मीटरला ५७ हर्ट्झ.

आता बसायची जागा. पहिलं कंपन दोन्ही भिंतींपाशी सर्वांत जोरात असतं आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. दुसरं भिंतींपाशी जोरात, पण मध्यावरही तितकंच. म्हणून सोफा मागच्या भिंतीला टेकवला की दोन्ही अंगावर येतात, आणि अगदी मधोमध बसलं तर खालचा एफ गायब, वरचा मात्र फुगलेला. मागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे या खोलीत दीड मीटरवर, खुर्ची ठेवून सुरुवात करा आणि मग दहा-दहा सेंटिमीटर पुढेमागे सरकवून तेच बासचं वादन पुन्हा ऐका. भिंतीवर पातळ फोम चिकटवून हा प्रश्न सुटत नाही. ४३ हर्ट्झची लहर ८ मीटर लांब असते, तिला पाच सेंटिमीटरचा फोम दिसतही नाही.

स्पीकरच्या अंतराचीही एक गोम आहे. वूफर (स्पीकरमधला खर्जाचा भोंगा) स्पीकरमागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल तर भिंतीवर आपटून परतलेला आवाज २ मीटर जास्त चालून येतो, आणि ८६ हर्ट्झला तो नेमका उलटा पडून मूळ आवाज खातो. स्पीकरमागची आणि बाजूची भिंत सारख्याच अंतरावर असेल तर हा खड्डा आणखी खोल होतो. म्हणून ६० आणि ९० सेंटिमीटर अशी वेगवेगळी अंतरं ठेवा. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून कानापर्यंतचं अंतर सारखं हवं, तेही टेपने मोजून; नुसत्या अंदाजाने गायिका मधोमध उभी राहत नाही.

इतकं जमल्यावर मग रेकॉर्डिंगकडे बघावं, कारण काही गोष्टी मुळातच तशा असतात. स्टीरिओ एलपी (लाँग-प्ले तबकड्या) १९५८ मध्ये बाजारात आल्या. त्या सुरुवातीच्या वर्षांतल्या कित्येक जॅझ रेकॉर्डिंगमध्ये सॅक्सोफोन पूर्ण डावीकडे, ड्रम्स पूर्ण उजवीकडे आणि मध्ये भोक असतं. ते स्पीकर आत वळवून बुजवायला जाऊ नका. हेडफोनवर ते असह्य वाटलं तर क्रॉसफीड (एका कानाचा थोडा आवाज दुसऱ्यात मिसळणारी सोय) चालू करा. मोनो रेकॉर्ड स्टीरिओ काट्रिजवर (सुई धरणाऱ्या डबीवर) वाजवताना ॲम्पचं मोनो बटण दाबाच: मोनो खोबणीत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीतून येते ती निव्वळ खरखर, आणि ती या बटणाने कटते.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी एलपी असेल तर पहिल्या बाजूवरून टर्नटेबलचा वेग तपासू नका. २ मार्च १९५९ च्या सत्रात मुख्य टेप मशीन किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे ती बाजू चढ्या सुरात वाजते. १९९२ मध्ये त्याच सत्रात चालू असलेल्या दुसऱ्या मशीनच्या टेपवरून ती दुरुस्त झाली.

ऑर्केस्ट्राची अडचण वेगळी, तिथे आवाजाचा पल्ला मोठा. व्हॉल्यूम शांत भागावर लावला की भडका उडाल्यावर रिमोटकडे धावावं लागतं. सर्वांत मोठा भाग आधी ऐका, त्यावर व्हॉल्यूम बसवा, मग सुरुवातीला या. ८६ डेसिबलचा (१ वॉटला १ मीटरवर इतका आवाज देणारा) स्पीकर ३ मीटरवरून ऐकताना, खोलीची मदत धरून, १ वॉटला दोन्ही मिळून ८३ च्या आसपास देतो. १०० डेसिबलच्या क्षणिक शिखराला मग ५० वॉट लागतात. संगणकावरून ऐकत असाल तर आवाज समान करणारी सोय 'ट्रॅक'वर नाही, 'अल्बम'वर ठेवा, नाहीतर सिंफनीचा मंद भाग अंतिम भागाइतकाच मोठा वाजतो. गॅपलेस प्लेबॅकही (दोन ट्रॅक मध्ये न थांबता वाजवणारी सोय) चालू हवा. न थांबता जोडून येणाऱ्या दोन भागांत क्षणभराचं मौन पडलं की मजा गेली.

एलपीवर मात्र निसर्गच उलटा बसलाय. ३३⅓ फेऱ्यांना बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. आणि सिंफनीचा सर्वांत गजबजलेला शेवट नेमका त्या आतल्या टोकाला! तिथे ब्रास फाटत असेल तर प्रोट्रॅक्टर (काट्रिजचा कोन जुळवायची खुणांची पट्टी) घेऊन काट्रिज तबकडीच्या मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरच्या बिंदूंवर सरळ आणा. सुईचा भार कंपनीने दिलेल्या पल्ल्याच्या वरच्या टोकाकडे ठेवा. हलका भार रेकॉर्ड वाचवतो ही समजूत चुकीची आहे. भार कमी पडला की सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती सोलते. फक्त उजवा चॅनल फाटत असेल तर अँटिस्केट (सुईला आत ओढणाऱ्या बलाविरुद्धचा ताण) थोडा वाढवा, फक्त डावा फाटत असेल तर कमी करा. हे सगळं करूनही तोच तुकडा दोन्ही चॅनलवर फाटला आणि दुसरी रेकॉर्ड त्याच जागी स्वच्छ वाजली, तर ती खोबण आधीच्या कुणाच्या तरी झिजलेल्या सुईने खाल्लेली आहे. दुसरी प्रत शोधा.